घोंगडीखालचा पाय

हँडलच्या पहिल्याच फेरीला गाडी लागली. लिंबाजी गोधडीतून उठून बसला. आपला कान चुकला असेल असं वाटून त्यानं श्वास धरून ऐकलं. पण बाहेर, जिनिंगच्या भिंतीला लागून उभी असलेली लॉरी एकसारखी धडधडत होती. मध्येच ठसका नाही, दम कोंडल्यासारखं थांबणं नाही. ही लॉरी त्यानं नऊ हिवाळे चालू केली होती, आणि पौषातल्या सकाळी ती तिसऱ्या फेरीच्या आत कधी लागली नव्हती. समोर हँडल घालून पहिली फेरी दिली की ती नुसती हुंकारायची, दुसरीला खोकायची, आणि तिसरीला, लिंबाजीनं दातांमागे एक शिवी दिल्यावर, उठायची. हे त्या दोघांचं ठरलेलं होतं. आज त्याच्या शागिर्दानं, वाल्मीकनं, एकदा हात फिरवला आणि हाकेसरशी ओ द्यावी तशी ती उठली. लिंबाजीच्या उजव्या मनगटातून, बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या तिथून, एक कळ कोपरापर्यंत गेली. थंडीनं असेल, असं तो मनाशी म्हणाला. पण मनगट मोडून तीन आठवडे झाले होते, आणि रोज सकाळी हीच थंडी होती. कळ आजच आली होती.

मनगट मोडलं ते त्याच हँडलनं. याची त्याला लाज इतकी वाटे की हाडवैद्यालाही त्यानं पडलो म्हणूनच सांगितलं होतं. कारण हँडल कसं धरायचं हे अख्ख्या परभणीत त्याच्याइतकं कुणी नीट शिकवलं नसेल. अंगठा चारी बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मुठीसारखा पलीकडून वळवायचा नाही. इंजिन गार असलं की कधीकधी उलटं फिरतं आणि हँडल मागं झटका देतं. अंगठा मोकळा असला तर हँडल हातातून निसटून जातं. अंगठा वळवलेला असला तर ते मनगट घेऊनच जातं. हे तो नव्या माणसाला दहादा सांगे, स्वतःच्या हातानं त्याचा अंगठा उचलून जागेवर ठेवी. वाल्मीकचाही त्यानं असाच ठेवला होता, पाच वर्षांपूर्वी. आणि तीन आठवड्यांपूर्वी, हँडलला हात घालताना त्यानं पाहिलं की आपली बायको सारजाबाई दारात उभी राहून वाल्मीकला काहीतरी सांगते आहे आणि वाल्मीक मान मागं टाकून हसतो आहे. काय सांगत होती ते ऐकू आलं नाही. बहुतेक काहीच नसावं. पण लिंबाजीची मूठ वळली, अंगठ्यासकट.

आता दाराच्या फटीतून चुलीचा उजेड आत येत होता. सारजाबाईनं पहाटेच उठून पाणी तापवलं होतं. या घरात हिवाळ्यात पहिलं पाणी लॉरीचं असे. आधी एक घागर कोमट, मग एक कढत. रात्री गाडीतलं पाणी सोडून द्यायचं आणि सकाळी हे ताजं भरायचं. एकदम कढत ओतलं तर गारठलेलं लोखंड तडकतं, गार काचेत चहा ओतल्यासारखं, म्हणून आधी कोमट. सारजाबाईला हे लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्यानं शिकवलं होतं. तिनं विचारलं होतं, "अन् तुमच्या अंघुळीचं?" तो म्हणाला होता, "आदी तिचं, मंग माजं." ती हसली होती. "सवतच आणली म्हना की!" नऊ वर्षं ती रोज सकाळी सवतीला न्हाऊ घालण्यासाठी पाणी तापवत आली, आणि घागर नेऊन त्याच्या हातात देत आली. तीन आठवडे ती घागर वाल्मीकच्या हातात जात होती. लिंबाजी आत बसून पाण्याचा आवाज ऐके. घागर हातातून हातात जाताना किंचित हिंदकळते. तो हिंदकळण्याचा आवाज त्याला बाकी सगळ्या आवाजांतून ओळखू येई.

"वैनी, कढत थोडं कमी पडलं बघा," बाहेरून वाल्मीक म्हणाला.

"कमी न्हाई पडलं. तुज्या गाडीचं पोट वाढलं."

"माजी कुठली? उस्तादांची गाडी हाय ती."

हे तो मोठ्यानं म्हणाला होता. आत ऐकू जावं म्हणून, असं लिंबाजीला वाटलं. वाल्मीक त्याला उस्ताद म्हणे, चारचौघांत, जिनिंगच्या मालकांसमोर, म्हणजे दिनकररावांसमोरसुद्धा. मान देण्यात त्यानं कधी कसूर केली नव्हती, आणि तेच लिंबाजीला खुपे. उद्धट असता तर बरं झालं असतं. माणूस उद्धट असला की त्याचा राग करता येतो, राग करून मोकळं होता येतं. वाल्मीक अठ्ठावीस वर्षांचा होता, अंगानं सडपातळ, हातानं हलका. परवा दिनकरराव घरी विचारपूस करायला आले होते. खाटेवर बसून म्हणाले, "तुम्ही आराम करा लिंबाजी. वाल्मीकचा हात हलका आहे. गाडी आवाज करत नाही त्याच्या हाती." आणि मग, आपण काय बोललो हे लक्षात येऊन, "तुमचाच शागीर्द आहे शेवटी," असं जोडून दिलं होतं. लिंबाजी हसला होता. शागिर्दाची स्तुती झाली की उस्तादानं हसायचं असतं.

सारजाबाई आत आली. तिनं लग्नातली हिरवी इरकल नेसली होती. लिंबाजीला क्षणभर कळेना की हे कशासाठी. मग आठवलं. वालूरला तिच्या भावाच्या, किशनरावच्या मुलाचं आज बारसं होतं. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितल्याशिवाय बारसं होत नाही, म्हणून तिला जाणं भाग होतं. आणि काल संध्याकाळी दिनकररावांनी सांगितलं होतं की साठ पोती सरकीची पेंड वालूरच्या व्यापाऱ्याला पोचवायची आहे. दोन्ही गोष्टी त्याला वेगवेगळ्या माहीत होत्या. त्या एकाच लॉरीत बसणार आहेत हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"मी वाल्मीकसंगंच जाते," ती म्हणाली. "एस्टीनं फाट्यावर उतरून चालत जायचं म्हनल्यावर दुपार व्हतीय. पाळन्यात पोरगं रडून रडून झोपंल. भाकरी झाकून ठेवलीय. वांग्याचं हाय. डाव्या हातानं खाता येतंय ना?"

"येतंय."

"मंग असं तोंड का केलं?"

"तोंड हायच असं."

ती आरशात बघून कुंकू लावत होती. लिंबाजीच्या मनात आलं, नऊ वर्षांत ही एकदाही त्या लॉरीत बसलेली नाही. त्यानं कधी बसवलंच नव्हतं. माल वाहायच्या गाडीत बाई बसवायची नाही, असं तो म्हणे, आणि ते का, हे कुणी विचारलं नव्हतं. खरं कारण असं होतं की लॉरीच्या त्या केबिनमध्ये, त्या काचेआड, तो जसा असे तसा घरी नसे. तिथं तो गाणं म्हणे. तिथं त्याला कुणाची भीती नसे. ते तिनं पाहावं असं त्याला वाटे, आणि पाहू नये असंही वाटे. आणि आज ती वाल्मीकला तिथं पाहणार होती. वाल्मीकही गाणं म्हणत असेल. त्याचा आवाज चांगला होता.

ती बोचकं घेऊन बाहेर गेली. लॉरी उभ्या जागी धडधडत होती. गाडी लागली की लगेच हाकायची नाही, हाही त्याचाच धडा. हिवाळ्यात तेल मधासारखं घट्ट झालेलं असतं, ते पातळ होऊन सगळ्या सांध्यांत पोचायला वेळ द्यावा लागतो. दोन विड्या ओढून होतील इतका वेळ. त्या वेळात बाकीची कामं करायची. हातोडीनं एकेका चाकावर ठोका मारून ऐकायचं; हवा पुरती असली की टायर खणखणीत बोलतं, कमी असली की ओल्या पोत्यासारखं. मग मालावरचे दोर बघायचे. रात्री दवानं भिजून दोर आखडतात, घट्ट वाटतात, आणि ऊन लागलं की तेच ढिले पडतात, म्हणून सकाळच्या घट्टपणावर विश्वास ठेवायचा नाही. काचेला आतून तंबाखूची ओली पुरचुंडी फिरवायची, म्हणजे श्वासानं काच धुरकटत नाही. दिव्यांवर पतंगाचा पिवळा कागद लावायचा, कारण पांढरा उजेड धुक्यावर आपटून परत आपल्याच डोळ्यांत येतो. लिंबाजी आत बसून ठोके ऐकत होता. एक. दोन. तीन. वाल्मीक काहीही विसरत नव्हता. सांगितलेलं सगळं, सांगितलेल्या क्रमानं, तो करत होता.

सांगितलेलं सगळं. लिंबाजीनं गोधडी बाजूला सारली. वालूर. वालूरच्या वाटेवर ओढा होता.

हा ओढा त्याला झोपेतही दिसे. उन्हाळ्यात तिथं नुसते दगड असत, आणि पावसाळ्यात तिकडून लॉरी जातच नसे. फक्त हिवाळ्यात तिथं चाकाच्या निम्म्यापर्यंत स्वच्छ, बर्फासारखं पाणी असे आणि गाडी त्यातून काढावी लागे. ओढा ओलांडला की थोडी चढण, मग दोन शेतं सपाट, आणि मग उतार. उताराच्या तळाशी रस्ता वळे, आणि त्या वळणावर सकाळच्या धुक्यात बैलगाड्यांची रांग असे. त्यांना कंदील नसे. गाडीवान धोतर तोंडावर ओढून पेंगत असत आणि बैल आपल्या मनानं चालत.

ओढ्यातून निघालेल्या गाडीला ब्रेक नसतो. असतो, पण आत पाणी शिरलेलं असतं, आणि ओल्या हातानं ओला साबण धरावा तसा तो धरतो. उन्हाळा असता तर चार चाकं फिरली की सुकला असता. पौषात तो आपोआप सुकत नाही. म्हणून पाण्यातून बाहेर पडताच, सपाटीवर, उजवा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच ठेवून डाव्या पायानं ब्रेक हलका दाबून धरायचा. ब्रेक घासतो, तापतो, आतलं पाणी वाफ होऊन जातं. उतार येईपर्यंत गाडी पुन्हा आपली होते. एवढीच गोष्ट. पण ही गोष्ट लिंबाजीला त्याच्या उस्तादांनी, जालन्याच्या घौसमियाँनी सांगितली होती, पहिल्याच ओढ्यावर, त्याच्या डाव्या गुडघ्यावर चापट मारून. "इसको भी काम दे, बेटा. मुफ्त की रोटी खा रहा है." घौसमियाँनी काही राखून ठेवलं नाही. अठ्ठेचाळीसच्या भाद्रपदात निजामाच्या मुलखात हिंदुस्थानच्या फौजा आल्या, त्यानंतर ते कुणाला दिसले नाहीत. त्यांची एक किल्ली, एक जुनी घोंगडी आणि ही एक गोष्ट लिंबाजीकडे राहिली.

वाल्मीकला त्यानं ही गोष्ट सांगितली नव्हती. मुद्दाम नव्हे, निदान सुरुवातीला नव्हे. हिवाळ्यात तो मांडीवर घोंगडी घेऊन गाडी हाके, आणि घोंगडीखाली त्याचा डावा पाय काय करतो हे शेजारी बसलेल्या वाल्मीकला दिसत नसे. पहिल्या वेळी सांगायचं राहून गेलं. दुसऱ्या वेळी वाल्मीक बोलत होता. तिसऱ्या वेळी लिंबाजीला जाणवलं की आपण घोंगडी जरा जास्तच खाली ओढली आहे. बाकी सगळं तर दिलंच होतं. हँडल दिलं, दोर दिले, पिवळा कागद दिला. एवढं एक आपलं असू द्यावं. मडक्यातलं सगळं वाढून झाल्यावर तळाशी एक घास राहतो, तो कुणी मागत नाही आणि आपण दाखवत नाही.

आणि मग मागचा हिवाळा. लिंबाजीला ताप आला होता, आणि वाल्मीक पहिल्यांदाच एकटा वालूरला गेला. त्याच उतारावर गाडी थांबली नाही. वळणावर बन्सीधर नावाच्या शेतकऱ्याची बैलगाडी होती. बन्सीधर वाचला, पण त्याच्या डाव्या बैलाचा पाय मोडला. बैल तिथंच दोन दिवस पडून होता. वाल्मीक त्याच्यापाशी बसून राहिला, त्याला हातानं पाणी पाजत. परत आला तेव्हा त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. "उस्ताद, मी दाबला व्हता. आईची आण, मी दाबला व्हता ब्रेक." दिनकररावांनी लिंबाजीला बोलावून विचारलं, गाडीत काही बिघाड होता का? लिंबाजी तापानं फणफणलेला होता. ताप होता हे खरं, पण डोकं साफ होतं. तो म्हणाला, "गाडी ठीक हाय. थंडीत पाय आखडतो मानसाचा. ध्यान जातं." वाल्मीक तिथंच उभा होता. त्यानं मान खाली घातली आणि नंतर तो कधीच म्हणाला नाही की मी दाबला होता. उरलेलं वर्ष तो जिनिंगच्या प्रेसवर कापसाच्या गठड्या उचलत होता. दिवाळीला लिंबाजीनंच शब्द टाकून त्याला परत आणलं, आणि सगळे म्हणाले, उस्ताद असावा तर असा.

बाहेर ठोके थांबले. लॉरीचा आवाज आता खालच्या पट्टीत, गोल झाला होता. तेल पातळ झालं होतं. अजून एक विडी. तेवढ्या वेळात बाहेर जाऊन सांगता आलं असतं. वाल्मीक, ओढा ओलांडला की डावा पाय. दोन वाक्यं. पण त्या दोन वाक्यांमागून तिसरं आपोआप येणार होतं. वाल्मीक विचारणार होता, हे आज का सांगता? छे, तो विचारणारही नाही, कारण तो मान ठेवतो; नुसता बघेल. आणि सारजाबाई तिथं हिरवी इरकल नेसून उभी असेल. लिंबाजीनं स्वतःला सांगितलं की गाडी हळू हाकली तर काही होत नाही. एकदा चटका बसलेला माणूस त्या उतारावर हळूच जातो. त्यानं स्वतःला हेही सांगितलं की आज धुकं नसेल. मग त्यानं दार उघडलं, आणि समोरची भिंत दिसली नाही.

धुक्यात लॉरीचे दोन दिवे हळदीच्या डागांसारखे होते. सारजाबाई आत चढत होती. चढायला उंच होतं, आणि वाल्मीकनं आधाराला हात देऊ केला होता. तो वळून उभा होता, तिच्याकडे बघतही नव्हता, नुसता हात मागं केलेला. ती हात न धरता दाराला धरून चढली. लिंबाजीनं हे सगळं पाहिलं, आणि त्यात वाईट काही नव्हतं हेही पाहिलं, आणि तरी त्याच्या तोंडाला कडू पाणी सुटलं.

"मी बी येतो," तो म्हणाला.

"हात घिऊन?" सारजाबाई वरून म्हणाली.

"हात ठिवून कसा येनार?"

वाल्मीक हसला. "या की उस्ताद! मंग तर काय, तुमी बसलाव म्हनल्यावर गाडी आपुआप चालती."

सारजाबाई सरकून मध्ये बसली. लिंबाजी डाव्या दाराशी. या जागेवरून त्यानं ही लॉरी कधी पाहिली नव्हती. सगळं उलटं वाटत होतं. चाक दूर होतं, आणि काचेवरचा तडा, जो इतकी वर्षं त्याच्या डोळ्यांसमोर असे, तो आता दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर होता. गाडी निघाली. त्याला कळलंही नाही, इतक्या अलगद. त्याच्या हातून निघताना ती नेहमी एक हिसका देई, आणि तो समजत असे की ते तिच्या स्वभावात आहे.

जिनिंग मागं पडलं, रेल्वेचं फाटक मागं पडलं. दोन्ही बाजूंना ज्वारी असणार, वास येत होता, दिसत काही नव्हतं. वाल्मीकनं आपल्या बाजूची काच खाली केली होती, कारण धुक्यात डोळ्यांपेक्षा कान आधी सांगतात, हेही शिकवलेलंच. गार वारा तिघांच्या तोंडावर येत होता. सारजाबाईनं डोक्यावरून पदर घेतला आणि ती समोर बघत राहिली, जत्रेत पाळण्यात बसलेल्या बाईसारखी. तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो लिंबाजीला नऊ वर्षं रोज सकाळी सोबत नेता आला असता, फुकट, पोत्यांबरोबर. त्यानं नेला नव्हता.

"वैनी, काय नाव ठिवनार पोराचं?" वाल्मीकनं विचारलं.

"ते कानातच सांगायचं असतंय. तुला कशाला सांगू?"

"मला न्हाई, गाडीला सांगा. गाडी कुनाला सांगत न्हाई."

"तुजी गाडीच तेवढी मुकी. तू न्हाईस."

ती हसली, वाल्मीक हसला. लिंबाजीला हसायचं होतं, पण हसणं त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत संपलं होतं. वाल्मीक मांडीवर घोंगडी घेत नसे. त्याचे दोन्ही पाय उघडे दिसत होते, तळवे थंडीनं पांढुरके, उजवा कामात आणि डावा मोकळा. लिंबाजी त्या डाव्या पायाकडे बघत राहिला. त्याला वाटलं, याला माहीत असेल. वर्षभर गठड्या उचलताना विचार करून करून यानं शोधून काढलं असेल. माहीत असेल तर आपली सुटका झाली, काही सांगायला नको. आणि लगेच दुसरा विचार आला, माहीत असेल तर आपल्यापाशी काय उरलं? दोन्ही विचार एकाच जागी जळत होते. कोणता खरा व्हावा, हे त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

ओढा आला. वाल्मीकनं गाडी थांबवली, उतरून पाण्यात काठी घालून पाहिलं, परत चढला. पहिल्या गियरमध्ये, एका लयीत, मध्ये न थांबता त्यानं गाडी पाण्यातून काढली. पाणी दोन्ही बाजूंना फाकलं, आणि खालून गारवा लाकडी फळ्यांमधून वर आला. सारजाबाईनं पाय वर घेतले. गाडी चढणीवर आली. सपाटी लागली. वाल्मीकनं गियर बदलला आणि डावा पाय परत जागेवर, फळीवर, ठेवला.

फळीवर. ब्रेकवर नाही.

एक बाभूळ मागं गेली. लिंबाजी त्या पायाकडे बघत होता. याच्या डोळ्यांसमोर पडलेला बैल आहे, तरी याचा पाय मोकळा आहे, कारण आपण सांगितलं होतं की चूक तुझ्या ध्यानाची होती. तो ध्यान देत होता. मान पुढं काढून, डोळे ताणून, कान बाहेर लावून, सगळं अंग ध्यान झालं होतं त्याचं. दुसरी बाभूळ गेली. खालून, धुक्याच्या आतून, घुंगरांचा आवाज आला.

"डावा पाय ब्रेकवर ठेव," लिंबाजी म्हणाला.

"आँ?"

"ठेव म्हनतो ना! सगळा दाबू नको. हलका. उजवा काढू नको, तसाच चालू दे."

शिकलेल्या माणसाचा पाय हुकूम ऐकतो. वाल्मीकनं पाय ठेवला. काही झालं नाही. गाडी तशीच चालत राहिली. वाल्मीकचा चेहरा लिंबाजीनं पाहिला. एक वर्षापूर्वी या जागी तो असाच झाला असणार, आणि तेव्हा शेजारी कुणी नव्हतं.

"उस्ताद, धरंना! धरंना वो!"

"धरंल. सोडू नको. घाबरून दाबलास तर तळाला जाऊन बसंल, धरनार न्हाई. हलका. हलकाच."

उताराला गाडीचं तोंड लागलं तेव्हा ओल्या जळक्या चामड्यासारखा वास आला. पुढची चाकं आधी धरू लागली, मग मागच्या चाकांपैकी एक. वाल्मीकनं डावा पाय क्षणभर क्लचवर नेऊन गियर खाली घेतला आणि पाय परत ब्रेकवर आणला; गाडी कण्हली आणि संथ झाली. धुक्यातून एका बैलगाडीचं मागचं लाकूड पुढं आलं. त्यावर एक म्हातारी पाय सोडून बसली होती, मांडीवर कोंबडी घेऊन. ती दिव्यांकडे डोळे मिचकावून बघत राहिली. दोन्ही गाड्यांमध्ये दहा हातांचं अंतर होतं, आणि ते तसंच राहिलं. लॉरी बैलांच्या चालीनं त्यांच्या मागोमाग जाऊ लागली.



"पान्यानं?" वाल्मीकनं विचारलं. तो समोरच बघत होता.

"हां."

"मागल्या सालीबी पान्यानंच?"

खोटं बोलायला जागा होती. मला आत्ताच सुचलं, असं म्हणता आलं असतं. गारठ्यात, धुक्यात, कुणी शहानिशा केली नसती. पण सारजाबाईनं मान वळवली होती, आणि इतक्या जवळून ती त्याच्याकडे बघत होती की तिचा श्वास त्याच्या गालाला लागत होता.

"हां," तो म्हणाला.

"तुमाला ठावं व्हतं?" हे सारजाबाईनं विचारलं. "आपल्या लग्नाच्या आदीपासनं ठावं व्हतं?"

"व्हतं."

वाल्मीकनं चाकावरचा एक हात काढला, तळवा पँटीला पुसला आणि परत चाकावर ठेवला. लिंबाजी वाट बघत होता. शिवी येईल, किंवा गाडी थांबेल आणि वाल्मीक उतरून चालू लागेल, किंवा रडेल. यातलं काहीही चाललं असतं. पण वाल्मीकचा डावा पाय ब्रेकवर तसाच होता, सांगितल्याइतकाच हलका.

"किती येळ दाबून ठिवायचं असतंय?" त्यानं विचारलं.

"ते पायाला कळतं."

"माज्या पायाला तुमी कळू दिलं न्हाई. आता तोंडानं सांगा."

त्याच्या बोलण्यात उस्ताद हा शब्द नव्हता. लिंबाजीनं तो ऐकायला कान दिला होता, आणि तो आला नाही.

"बैलाची शंभर पावलं," तो म्हणाला. घौसमियाँनी असा आकडा कधी सांगितला नव्हता, पण काहीतरी सांगणं भाग होतं.

"मोजा."

लिंबाजी मोजू लागला, मोठ्यानं, पुढच्या बैलांच्या खुरांकडे बघत. एक. दोन. तीन. मुलांना पाढे सांगावेत तसा, एकसुरी. बाराव्या पावलाशी सारजाबाईनं इरकलीचा पदर आवरला आणि ती त्याच्यापासून चार बोटं पलीकडे सरकली. तिथं सरकायला जागा नव्हती. गियरचा दांडा तिच्या गुडघ्याला टेकला, तरी ती सरकली. त्या चार बोटांच्या फटीतून खालचा वारा वर आला आणि लिंबाजीच्या कुशीला लागला. वीस. एकवीस. चाळिसाव्या पावलाला ब्रेक चारी चाकांवर पुरता धरला. आवाज बदलला, वास गेला. लिंबाजीला ते कळलं, आणि वाल्मीकच्या पायालाही कळलं असणार, कारण त्यानं पाय किंचित सैल केला आणि मग, अजून मोजणं चालू आहे हे ऐकून, परत तसाच धरला. आता थांबलं तरी चाललं असतं. पण मोजणं थांबलं की कुणीतरी काहीतरी बोललं असतं. एक्केचाळीस, लिंबाजी म्हणाला. बेचाळीस.